अण्णाच्या गाडीतला टेप

गाडीत टेप बसवायचा म्हणजे दोन वायरी जोडायच्या, लाल बॅटरीला आणि काळी बॉडीला, असं पुष्कळांना वाटतं. त्यातले कितीतरी जण स्वतःच्या हातानं जाळलेला टेप घेऊन, तोंड पाडून माझ्या दुकानात आलेत. डोंबलाच्या दोन वायरी. अहो, गाडीत आधीचा रेडिओ असतो, त्याचा एक स्पीकर असतो आणि नवा टेप त्याच स्पीकरवर वाजवायचा असतो. दोन्ही एकदम जोडले तर एकाचा करंट दुसऱ्याच्या पोटात शिरतो आणि दोन्ही बाद होतात. म्हणून मधे एक स्विच घालावा लागतो. खटका वर केला की स्पीकर रेडिओचा, खाली केला की टेपचा. अंगठ्याएवढा असला स्विच मी शेकड्यानं बसवला असेन. त्यातला एक, अण्णाच्या गाडीतून काढलेला, अजून माझ्या कपाटात आहे. ते कपाट मी फारसं उघडत नाही.

माझं दुकान बेळगावात, कॅम्पात होतं. दुकान म्हणजे एका बेकरीच्या भिंतीला टेकलेली अरुंद खोली आणि दारात गाडी उभी करायला चिंचेची सावली. मिलिटरीच्या सिग्नलमधून रिटायर झालेल्या एका हवालदारांकडं मी रेडिओचं काम शिकलो आणि ते गावी निघून गेल्यावर तीच खोली मी चालवायला घेतली. ऐंशी साल उलटलं तसे दुरुस्तीला येणारे घरचे रेडिओ कमी झाले आणि गाड्या यायला लागल्या. ज्याला त्याला डॅशबोर्डखाली टेप पाहिजे होता.

हवालदारांनी मला एक पद्धत घालून दिली होती. काम झालं की गाडीच्या मालकाला स्टिअरिंगवर बसवायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. मग पुढचा स्पीकर वाजवायचा, मागचा वाजवायचा, आणि आवाज कुठनं येतोय ते त्यानं बोटानं दाखवायचं. उघड्या डोळ्यांचं गिऱ्हाईक दिव्याकडं आणि बटणांकडं बघत बसतं, ऐकायचं विसरतं, असं त्यांचं म्हणणं. मी ही पद्धत कधी मोडली नाही. मोठमोठे कंत्राटदार, डॉक्टर, एक फादरसुद्धा माझ्यापुढं डोळे मिटून बसले आणि बोट दाखवून गेले.

आता अण्णाचं सांगतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचं घर वडगावचं, विणकरांचं. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि अण्णा आठवीत. आईनं त्याला शाळेतून काढलं आणि मागावर बसवलं. दुसरं काही करण्यासारखं तिच्या हातात नव्हतं. अण्णाचं अक्षर चांगलं होतं, मास्तर घरी येऊन दोनदा सांगून गेले, तरी नाइलाज होता. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं त्यानं पॉवरलूमवर साड्या विणल्या. मी शिकलो, रेडिओच्या कामाला लागलो, ते सगळं त्याच्या जिवावर. नंतर एकदम त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, स्वतःचे दोन माग विकून त्यानं एक जुनी ॲम्बॅसिडर घेतली आणि टॅक्सी चालवायला लागला. आज सांबऱ्याला विमानतळावर, उद्या संकेश्वर, परवा निपाणी. मागाचा कंटाळा आला, एवढंच तो सांगायचा. बावीस वर्षांनी कुणालाही कंटाळा येईल, म्हणून मीही जास्त खोलात शिरलो नाही.

ज्यानं मागाची खोली बघितलेली नाही, त्याला आमच्या घरचं बोलणं कळायचं नाही. आठ माग एका छपराखाली चालू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. धोटा इकडून तिकडं, फणी पुढं मागं, सगळी जमीन हादरत असते. म्हणून आमच्यात आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. सूत तुटलं तर दोन बोटं कात्रीसारखी हलवायची, चहाला मूठ तोंडाशी न्यायची. डोळे चांगले होते तोवर आई सुताच्या कांड्या भरायला बसायची आणि नुसत्या ओठांनी अख्खी गोष्ट सांगायची, सुनांची भांडणं, लग्नातले मानापमान, सगळं. समोरच्या बायका हसून लोळायच्या आणि मागाच्या खडखडाटात हसण्याचाही आवाज यायचा नाही. घरी आल्यावरही आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायचो, हाक मारायची तर ओरडून मारायचो, नाहीतर सरळ खांद्याला हात लावायचो. आमच्याकडं सून नवीन आली की म्हणायची, ह्या घरात सगळी भांडतात का काय.

पुढं आईचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही फसली. पुढच्या खोलीत दाराजवळ लोखंडी खाटेवर ती पडून असायची आणि घरात कोण आलं, कोण गेलं ते पायांच्या आवाजावरून ओळखायची. अण्णाची पावलं तर तिला बरोबर कळायची. तो आत आला की ती हाक मारायची, "थोरल्या." अण्णा ओ द्यायचा नाही. तसाच आत निघून जायचा. कधी तिच्याजवळ बसायचा, मान खाली घालून तिचे पाय चेपायचा, तेव्हा ती काहीतरी विचारायची आणि तो भलतंच काहीतरी सांगायचा किंवा गप्प बसायचा. त्याच्या मनात राग आहे, शाळेतून काढलं त्याचा राग, तो त्यानं एवढी वर्षं धरून ठेवलाय, असं आईच्या मनानं घेतलं. मी गेलो की माझ्याजवळ ती हेच बोलायची. आधी रडायची, मग त्याला शिव्या द्यायची, मग पुन्हा रडायची.

मलाही ते खरं वाटायचं. एकदा मी अण्णाला दारात गाठून चांगलं फैलावर घेतलं होतं. म्हातारं माणूस, डोळ्यांनी अधू, तिला एक ओ द्यायला तुझं काय जातं, असं तोंडाला येईल ते बोललो. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. माझं बोलून झाल्यावर "बरं" म्हणाला आणि गाडी पुसायला गेला. त्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

असं असताना एका रविवारी सकाळी अण्णा गाडी घेऊन माझ्या दुकानी आला. म्हणाला, स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांत टेप आलेत, पॅसेंजर आधी टेप आहे का विचारतात आणि मगच बसतात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. जन्मभर त्यानं मला दिलं होतं, मागितलं असं हे पहिलंच. मी दुसऱ्या सगळ्या गाड्या बाजूला ठेवल्या. टेपच्या पट्टीखाली रबर घातलं, म्हणजे खड्ड्यात धक्का बसायला नको. इंजिनची खरखर येऊ नये म्हणून कंडेन्सर लावला. मागच्या काचेखालच्या फळीला भोक पाडून नवा स्पीकर बसवला, डॅशबोर्डात जुन्या रेडिओचा होताच. दोन्ही स्पीकरच्या वायरी आणून त्या स्विचला जोडल्या. दुपार होऊन गेली.

काम करताना मी डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलो होतो आणि अण्णा बाहेर उभा राहून मला सामान देत होता. मी पकड मागितली. दिली नाही. पुन्हा मागितली, तिसऱ्यांदा मागितली, तरी हा ढिम्म. शेवटी मी चिडून डोकं बाहेर काढलं आणि लक्ष कुठं आहे तुझं म्हणून ओरडलो. तेव्हा त्यानं मुकाट्यानं पकड हातात दिली. मला वाटलं, रात्रीची खेप करून आला असेल, झोप झाली नसेल.

सगळं जोडून झालं. मी त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि डोळे मीट म्हणालो. तो कां कूं करायला लागला, घरचंच काम आहे, कशाला पाहिजे असलं. मी म्हटलं, फादरना सोडलं नाही, तुला सोडेन होय? मग त्यानं डोळे मिटले आणि एक तळहात डॅशबोर्डवर ठेवला. मी भजनाची कॅसेट घातली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आतली चाकं फिरायला लागली. आवाज काही आला नाही. माझ्या लगेच ध्यानात आलं, स्विचचा खटका रेडिओकडंच राहिला होता. तो खाली करायला मी हात पुढं केला, तेवढ्यात अण्णा मान डोलवायला लागला.

"लई ग्वाड वाजतंय रं," तो म्हणाला. मग बोट मागच्या काचेकडं करून म्हणाला, "मागनं येतंय बघ."

मी हसलो. अण्णा लहानपणापासून माझी अशी फिरकी घ्यायचा. मग मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. फिरकी घेणाऱ्या माणसाचं ते तोंड नव्हतं. परीक्षेला बसलेल्या पोराचं होतं. मी हळूच अण्णा म्हणून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग खटका खाली केला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, गाडीतून भजन असं फुटून बाहेर आलं की बेकरीतली माणसं दारात आली. अण्णाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तळहाताला काहीतरी जाणवलं असणार, कारण थोड्या वेळानं तो म्हणाला, आता जरा जास्ती झालं.

मी टेप बंद केला आणि त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं. मी पलीकडून येऊन त्याच्या शेजारी सीटवर बसलो आणि कधीपासून म्हणून विचारलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता. इतकी वर्षं तो असाच बघत आला होता आणि आम्हाला वाटायचं, घरची सवय.

नक्की कधीपासून ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मागावर कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळं आपल्याला वेगळं काही होतंय हे कळायला मार्गच नव्हता. पण लाईट गेली की माग बंद पडायचे, बाकीचे हळू बोलायला लागायचे आणि हा एकटाच ओरडत राहायचा, लोक हसायचे. त्यावरून त्याला समजलं. एकदा खेपेला म्हणून गेला तेव्हा हुबळीला मोठ्या डॉक्टरला दाखवून आला होता. आतली नस गेली आहे, मशीनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. वहिनीला तेवढं माहीत होतं. मराठी ओठ त्याला चांगले वाचता येतात, कन्नड निम्मेअर्धे, पण कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांच्या मिशा फार, त्यांचं काही कळत नाही, असं तो सांगायला लागला. सांगताना थोडा हसलासुद्धा.

मग मी विचारलं, ऐकू येत नाही तर टेप कशाला बसवून घेतलास?

"टेप मोठ्यानं लावला की पॅसेंजर डायवरशी बोलत न्हाईत," तो म्हणाला. "बोलली तरी गाडीत कुणालाच कुणाचं ऐकू जात न्हाय. मागाच्या खोलीगत. मग मी बी बाकीच्यासारकाच असतो."

माझा राग अनावर झाला. माणसं बसवतोस गाडीत, लेकुरवाळ्या बायका बसतात, मागून ट्रकनं हॉर्न दिला तर तुला कळणार का, असं मी त्याला टाकून बोललो. त्यानं आरशांकडं बोट केलं. बाहेर दोन, आत एक, वर आणखी एक लांबट. स्टँडवरचे लोक त्याला नटवी गाडी म्हणून चिडवायचे, मीही चिडवायचो. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते काही नाही, गाडी सोड. त्यानं दिवाळीपर्यंतची मुदत मागितली, तोवर दुसरं काम बघतो म्हणाला. मी मुदत दिली. कोण लागून गेलो होतो मी द्यायला? त्या गाडीत बसणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? काही झालं नाही ते नशीब, माझं शहाणपण नव्हे.

उतरण्याआधी त्यानं माझा दंड धरला. "आईला सांगू नगंस," तो म्हणाला. "तिनं मला मागावर बसवलं, आनि मागानं कान न्हेलं, ह्ये कळलं तर ती जीव जाळून घेईल. त्यापरास तिनं मला उद्धट म्हणू दे."

मी शब्द दिला.

त्यानंतरचे चार-पाच महिने मला फार जड गेले. आई खाटेवरून हाक मारायची, अण्णा तिच्यासमोरून निघून जायचा, आणि मी मधे बसलेला असायचो. एका वाक्यात ते दुखणं संपलं असतं आणि त्याच वाक्यानं दुसरं सुरू झालं असतं. वहिनी अण्णाला कधी हाक मारत नाही, जवळ जाऊन दंडाला शिवते, हे मला आता दिसायला लागलं. तिच्या नजरेला नजर भिडली की आम्ही दोघंही दुसरीकडं बघायचो. आई तिकडं खंगत चालली होती. पाय सुजले होते, जेवण तुटलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ आम्हाला कळायचा तो कळला. थोरला राग मनात घेऊनच मला खांदा देणार, असं ती एकदा मला म्हणाली.

दसरा आठ-दहा दिवसांवर असताना तिनं हट्ट धरला, निपाणीला धाकट्या बहिणीला भेटायचं. उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता. मी दुकान बंद ठेवलं, अण्णानं स्टँडवर सुट्टी सांगितली. मागच्या सीटवर वाकळ अंथरून आईला आडवं केलं, उशी अण्णाच्या पाठीमागच्या दाराशी. मी पुढं अण्णाच्या शेजारी बसलो. निघताना अण्णानं सवयीनं टेप लावला.

काकती मागं पडली तशी आई म्हणाली, ते बंद करा, मला जरा बोलायचंय. मी टेप बंद केला. गाडीत एकदम शांत झालं, आणि मी अण्णाकडं बघितलं.

"थोरल्या," आईनं हाक मारली.

मला तेवढ्यात सुचलं. मी बोटानं अण्णाच्या गुडघ्याला टोचलं आणि ओठांनी आई म्हणालो. त्यानं एका नजरेत वाचलं आणि रस्त्याकडं बघतच म्हणाला, "ओ."

मग तिनं पुन्हा हाक मारली, मी पुन्हा टोचलं, त्यानं पुन्हा ओ दिली. पुढं मला ओठ हलवायचीही गरज राहिली नाही. बोट टेकलं की अण्णा ओ म्हणायचा, एकदा ओठांनी सांगितल्यावर दोनदा टेकलं की व्हय आई म्हणायचा. वंटमुरीचा घाट येईपर्यंत तिनं पंधरा-वीस हाका मारल्या असतील. काही विचारायचं नव्हतं तिला, नुसती ओ ऐकायची होती. गाडी बरी आहे म्हणाली, हवा बरी लागते म्हणाली. संकेश्वरला साखर कारखान्याच्या मळीचा वास आला तेव्हा ऊस चांगला आलाय का रं म्हणून विचारलं आणि अण्णानं व्हय आई म्हटलं. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती. मी त्या दोघांच्या मधला स्विच झालो होतो आणि मनातल्या मनात खूश होतो. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं वाटत होतं.

तवंदीच्या घाटाला गाडी लागली. चढ होता, पुढं मालाचा ट्रक होता, अण्णा गिअर बदलून सावकाश चालला होता. मागून आईचा आवाज आला, पण आता तो वेगळा होता.

"थोरल्या, तुला शाळंतनं काडलं, त्याचा राग हाय न्हवं रं माझ्यावर?"

माझं बोट अण्णाच्या गुडघ्यावर होतं. ते टेकवलं असतं तर त्यानं ओ म्हटलं असतं, दोनदा टेकवलं असतं तर व्हय आई. टेकवलं नाही तर तो गप्प राहणार, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ती गेली कित्येक वर्षं लावतच आली होती. मी बोट उचललं.

"बोल की रं," आई म्हणाली. "आज तरी बोल."

मी मागं वळलो. शब्द दिलेला मला आठवत होता, आठवत नव्हता असं मी म्हणणार नाही. "आई, अण्णाला ऐकू येत न्हाय," मी म्हणालो. "लई वर्सं झाली. तुझ्या हाका त्याला पोचतच न्हाईत. आत्ता ओ म्हनतोय ते मी बोट लावतोय म्हनून."

हे मी अण्णाच्या कानापासून दीड हातावर बोललो, चांगल्या मोठ्या आवाजात. तो ट्रकच्या पाटीकडं बघत गाडी हाकत होता. त्याच्या शेजारी बसून त्याला दिलेला शब्द मी मोडला आणि त्याला पत्ता नव्हता. चोरी करताना माणसाला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

आईनं एकच प्रश्न विचारला, मागावर गेले का कान. तापानं गेले म्हणून सांगता आलं असतं. तेवढ्यासाठीच तर अण्णानं माझा दंड धरला होता. पण माझ्या तोंडून व्हय निघून गेलं. का निघालं ते आजही सांगता येत नाही. थकलो होतो म्हणा, किंवा तिला आणखी एक खोटं देववेना म्हणा.

ती उठून बसायला लागली. मी धरायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. पुढच्या सीटची पाठ धरून ती उठली आणि तिचा हात चाचपडत पुढं आला. अण्णाच्या खांद्याला लागला, मानेला लागला, मग कानावर येऊन थांबला. अण्णा दचकला. त्यानं आरशात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं ट्रकला पुढं जाऊ दिलं, कडेला एका झाडाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद करून मागं वळला.

आईनं त्याचे दोन्ही कान दोन्ही हातांत धरले. लहान पोराला न्हाऊ घालताना धरतात तसे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती आता किंचाळून रडेल, छाती बडवून घेईल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. अण्णाला ज्याची भीती वाटत होती तेच मी घडवून आणलं होतं.

पण आवाज काही आला नाही. मी वर बघितलं तर तिचे ओठ हलत होते. मागाच्या खोलीत बोलायची तसं ती बोलत होती, आवाज न काढता, एकेक शब्द तोंड भरून. डोळे गेल्यापासून ती तसं कधी बोलली नव्हती. समोर कोण बघतंय ते तिला दिसत नव्हतं ना. आता अण्णाचं तोंड तिच्या दोन्ही हातांत होतं.

"ओ," अण्णा म्हणाला.

मी कुणाच्या गुडघ्याला बोट लावलं नव्हतं. ती बराच वेळ बोलत होती. मला बाजूनं तिचे ओठ धड वाचता येत नव्हते आणि ते वाचायचा मला हक्कही नव्हता. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. माझे दोन्ही कान चांगले असून त्या बोलण्यातलं मला फक्त अण्णाचं ऐकू आलं.

"न्हाय आई," तो म्हणत होता. "न्हाय. कवाच न्हवता."